आधी मागचं चाक काढून बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. घणसोलीत राहता, आठवड्यातून तीन दिवस सायकलने ऐरोलीच्या ऑफिसला जाता, रविवारी पाम बीच रोड नाहीतर खारघरची टेकडी. सायकल दोन वर्षांपूर्वी अठरा हजारांना घेतलेली. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, २७.५ इंची चाकं, पुढे स्प्रिंगचा सस्पेन्शन फोर्क, वायरवर चालणारे डिस्क ब्रेक, पुढे तीन आणि मागे सात मिळून २१ गिअर. आता हातात वीस हजार आहेत आणि पुढच्या तीन चेनरिंगची (पेडलजवळची दातेरी चक्रं) एक करून मागे १२ गिअर, स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा एअर फोर्क आणि जमलंच तर वायरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक बसवायचा विचार आहे. शिवाय एक मित्र त्याची वापरलेली सायकल तीस हजारांत द्यायला तयार आहे, ती घ्यावी का, हेही विचारलंय.

ठाण्यात चरईला माझं छोटं वर्कशॉप आहे. बावीस वर्षं सायकली उघडतोय. तुमच्यासारखी माणसं महिन्याला दोन-तीन तरी येतात आणि त्यांच्या मोबाइलमध्ये पार्ट्सची यादी तयारच असते. मी यादी नंतर बघतो, आधी त्यांच्या सायकलवर बसून दत्त मंदिरापर्यंत एक फेरी मारून येतो. परत आल्यावर बहुतेकांना एकच सांगावं लागतं: सायकल वाईट नाही, तेल-ग्रीसवाचून कोरडी पडलीय. तुमची सायकल मी पाहिलेली नाही, पण दोन पावसाळे झाले आणि सर्व्हिसिंगचा तुमच्या प्रश्नात एकदाही उल्लेख नाही, त्यावरून ती याच गटातली असावी.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. १२ गिअर नकोत, एअर फोर्कही नको. वीसातले सात-आठ हजार आहे त्या सायकलवर नीट खर्च करा, बाकीचे राहू द्या. मोडता घालायचा म्हणून म्हणत नाही. या किमतीच्या सायकलीत एक पार्ट बदलला की तो शेजारच्या दोघांना घेऊन पडतो, आणि हे पार्ट्स विकणारा तुम्हाला आधी सांगत नाही.

सुरुवात मागच्या चाकापासून करू. ते काढा आणि आडवं धरा. सातही गिअरचे दाते उलटे फिरवा, म्हणजे पाय न मारता सायकल चालताना ते जसे टिकटिक करतात तसे. आता मधे एक्सलभोवती जिथे पाना बसतो त्या खाचांकडे बघा. दाते फिरताना खाचाही त्यांच्याबरोबर फिरत असतील तर तुमच्याकडे कॅसेट आहे. दाते फिरतात आणि खाचा जागच्या जागी उभ्या, तर फ्रीव्हील. अठरा हजारांच्या सायकलीला बहुधा फ्रीव्हीलच निघेल. सर्वात छोट्या चक्राला १४ दाते असतील तर जवळजवळ नक्कीच.

या दोहोंत फरक काय? फ्रीव्हील म्हणजे दाते आणि त्यांची टिकटिक करणारी यंत्रणा असा एकच गोळा, तो हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आट्यांवर आवळलेला असतो. त्यामुळे उजव्या बाजूचे छरे फार आत राहतात आणि एक्सलचा बराच भाग बिनआधाराचा बाहेर लोंबतो. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाने जे खड्डे झाले त्यांत अशा किती एक्सल वाकलेल्या मी काढल्या, त्याचा हिशेब नाही. माणूस म्हणतो, रिमला आउट आलाय, ब्रेक घासतोय. चाक काढलं की एक्सलचे दोन तुकडे हातात येतात. क्विक रिलीजची, म्हणजे खटका उघडून चाक सोडवायची, आरपार दांडी दोघांना धरून ठेवते म्हणून बिचाऱ्याला कळत नाही. कॅसेट म्हणजे नुसते दाते, टिकटिक करणारी यंत्रणा हबमध्येच असते. त्या हबमध्ये छरे पार बाहेरच्या टोकाला असतात, एक्सलला आधार राहतो.

आणि तुमच्या १२ गिअरची गाडी इथेच अडते. १२ गिअरचं फ्रीव्हील नसतं, कॅसेट असते. म्हणजे मागचा हब बदलायचा, म्हणजेच चाक. शिमानो डिओरची १२ गिअरची कॅसेट हवी असेल तर नेहमीचा हबही चालत नाही, त्याला मायक्रो स्प्लाइन नावाची वेगळी बॉडी लागते, म्हणजे दाते ज्यावर चढतात तो हबचा भाग. मग मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा), शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), १२ गिअरची अरुंद चेन, पुढे एक अरुंद-एक रुंद अशा दात्यांची चेनरिंग. तुमचं क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे आणि चेनरिंगचा जोड, रिव्हेट मारलेलं असेल, आणि या किमतीत ते असतंच, तर चेनरिंग सुटी निघत नाही, क्रँकही नवं. क्रँक शिमानोच्या हॉलोटेक जातीचं घेतलं तर चौकोनी दांड्याचा जुना बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतं तो छऱ्यांचा संच, गेला. वीस हजार संपतील आणि तुम्ही अजून फोर्कपर्यंत पोचलेले नसाल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण सायकलवाल्यानेच केली असावी.

बरं, मिळणार काय? कागद घ्या. पुढचे दाते भागिले मागचे दाते, म्हणजे पायाच्या एका फेरीत मागचं चाक किती वेळा फिरतं. आकडा लहान तितका गिअर हलका. तुमच्या पुढच्या चेनरिंग ४२, ३४ आणि २४ दात्यांच्या आहेत आणि मागे १४ ते ३४, असं धरतो. आकडे चक्रांवर कोरलेले असतात, खात्री करून घ्या. सर्वात हलका गिअर म्हणजे २४ भागिले ३४, साधारण ०.७१. सर्वात जड ४२ भागिले १४, म्हणजे बरोबर ३. आता बाजारात जी स्वस्तातली वन-बाय, म्हणजे पुढे एकच चेनरिंग, मिळते, पुढे ३२ आणि मागे आठ-नऊ गिअरची ११ ते ४२ ची कॅसेट, तिचा हलका गिअर ०.७६ आणि जड २.९. म्हणजे पैसे घालून तुम्ही चढावर थोडं जड केलंत आणि उतारावर थोडं कमी. १२ गिअरवाली १० ते ५१ ची कॅसेट घेतलीत तर ०.६३ मिळतं, ते खरोखर हलकं आहे, मान्य. पण ०.७१ मध्ये मिनिटाला साठ वेळा पाय मारले की २७.५ च्या चाकाची सायकल ताशी साडेपाच किलोमीटरने चढते. खारघरला सकाळी फणसवाडीकडे चालत जाणारे आजोबाही जवळपास त्याच वेगात असतात. त्याहून हलका गिअर लागत असेल तर उतरून ढकलण्यात कमीपणा नाही.

वन-बायचा खरा फायदा वेगळा आहे. पुढचा डिरेलर जातो, डाव्या हाताचं काम जातं आणि अरुंद-रुंद दात्यांमुळे दगडधोंड्यात चेन उडत नाही. हे सुख खरं आहे, माझ्या स्वतःच्या सायकलला वन-बायच आहे. पण ते सुख घणसोली ते ऐरोलीच्या सिग्नलवर कळत नाही.

तुमचे गिअर आज नीट पडत नसतील, दोन-दोन उड्या मारत असतील, तर कारण बहुतेक वेळा डिरेलर नसतोच. एक तर वायर आणि तिचं आवरण गंजलेलं असतं, नाहीतर हँगर वाकलेला असतो. हँगर म्हणजे फ्रेमच्या मागच्या टोकाला डिरेलर धरणारा छोटा तुकडा. तो मुद्दामच मऊ ठेवतात, सायकल उजव्या कुशीवर पडली की तो वाकतो आणि फ्रेम वाचते. पार्किंगमध्ये शेजारच्या स्कूटरने सायकल पाडली तरी पुरेसं. मापाच्या अवजारावर तो सरळ करून नवी वायर घातली की सात गिअर नव्यासारखे टकाटक पडतात, खर्च हजाराच्या आत. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, तेव्हा तुमच्या मॉडेलचा एक जादा घेऊन ठेवा. चार वर्षांनी ते मॉडेल बंद झालं की हा दोन-तीनशेचा तुकडा शोधताना घाम फुटतो.

मागचं चाक कधीतरी जाईलच. एक्सल तुटली किंवा हबच्या वाट्या खड्डे पडून गेल्या, त्या दिवशी फ्रीव्हीलचं चाक पुन्हा घेऊ नका. १३५ मिलिमीटर रुंदीचा, क्विक रिलीजचा, सहा बोल्टच्या डिस्कचा कॅसेटवाला हब घेऊन चाक बांधून घ्या. त्यावर सात गिअरची कॅसेट साडेचार मिलिमीटरची रिंग टाकून बसते, म्हणजे तुमचे आत्ताचे शिफ्टर चालत राहतील. पुढे आठ किंवा नऊ गिअर करायचे झाले तरी चाक तेच. अपग्रेड म्हणावं असं हे एकच, आणि तेही जुनं मोडल्यावर.

आता फोर्क. आमच्या जुन्या मिस्त्रींच्या भाषेत चिमटा. या किमतीत बहुधा एसआर सनटूरचा एक्ससीटी किंवा त्याच घरातला असतो: आत लोखंडी स्प्रिंग, अडीच किलोच्या आसपास वजन. वरची गोल खुंटी फिरवली की फोर्क कडक होतो असं सगळ्यांना वाटतं. ती फक्त स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवते, स्प्रिंगची जात बदलत नाही. एअर फोर्कमध्ये हवेचा दाब बदलून तो तुमच्या वजनाला लावता येतो, रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, लावता येतो, वजनही उतरतं. चांगली गोष्ट आहे. अडचण फ्रेमच्या गळ्यात, म्हणजे फोर्क जिच्यातून वर जातो त्या पुढच्या नळीत, आहे. तुमच्या फोर्कची वर हँडलमध्ये जाणारी दांडी सरळ असणार, वरपासून खालपर्यंत २८.६ मिलिमीटर. चांगले एअर फोर्क आता बहुतेक निमुळत्या दांडीचे येतात, वर तेवढेच आणि खाली दीड इंच. तुमच्या फ्रेमचा गळा बारीक असेल तर ती दांडी आत जात नाही, कुठलाही अ‍ॅडॉप्टर ते करून देत नाही. सरळ दांडीचा एअर फोर्क शोधलात तर मोजके मिळतात. बऱ्याच फोर्कना पुढे १५ मिलिमीटरची आरपार एक्सल लागते, म्हणजे पुढचा हबही गेला. आणि जादा लांबीचा मोह नको. ८० च्या जागी १२० मिलिमीटरचा फोर्क बसवलात तर पुढची बाजू उचलली जाते, हँडल चढावर भटकतं आणि फ्रेमच्या गळ्यावर तिने कधी न पाहिलेला ताण येतो.

त्यापेक्षा आहे तो फोर्क उघडा. खालच्या टोकांना दोन बोल्ट असतात, ते काढले की खालचे पाय सरकन बाहेर येतात. दोन पावसाळ्यांनंतर आत काय दिसेल ते सांगतो: तपकिरी पाणी आणि वाळलेलं ग्रीस. ते पुसायचं, सस्पेन्शनचं ग्रीस भरायचं, सील साफ करायचे, बंद. तासाभराचं काम. तुमचं वजन ऐंशीच्या वर असेल तर काही मॉडेलना कडक स्प्रिंगही मिळते, दुकानात विचारा. आठवड्यातून एकदा फोर्कचे वरचे चकचकीत पाय कापडाने पुसायचे. खाडीकाठच्या हवेत त्यांच्यावर आलेला गंज सील खरवडून टाकतो, आणि घणसोली तर खाडीला लागूनच.

ब्रेकबद्दल मी तुमच्या बाजूचा आहे. हायड्रॉलिक घ्या, पण दोन गोष्टी बघून. पहिली, तुमच्या हँडलवर ब्रेकची मूठ आणि गिअरचा शिफ्टर एकाच तुकड्यात आहेत का? स्वस्त सायकलींना असतात. तसं असेल तर हायड्रॉलिक मूठ लावताना शिफ्टरही जातो आणि सुटे शिफ्टर घ्यावे लागतात. सात गिअरचे स्वस्त मिळतात, पण हिशेबात धरा. दुसरी, आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. युरोप-अमेरिकेच्या बाजारासाठी भरलेल्या संचात तो डाव्या हाताला येतो आणि नळीची लांबी त्याप्रमाणे कापलेली असते. ऑनलाइन मागवताना ‘उजवा पुढचा’ असं स्पष्ट बघून घ्या, नाहीतर नळ्या काढून, पुन्हा तेल भरून घेण्याचा खर्च डोक्यावर बसतो. शिमानोचा एमटी २०० हा साधा, भरवशाचा संच आहे, मी सर्वांत जास्त तोच बसवतो. फ्रेमवरचे माउंट आणि कॅलिपरचे, म्हणजे डिस्क चिमटीत धरणाऱ्या भागाचे, माउंट जुळत नसतील तर मधे अ‍ॅडॉप्टर येतो, तो मात्र सहज मिळतो.

एक कानाला खडा लावायची गोष्ट. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. सुरुवातीच्या काळात माझ्या हाताखालच्या पोराने एका गिऱ्हाइकाच्या ब्रेकमध्ये मोटरसायकलचं डॉट फ्लुइड भरलं. रंग वेगळा होता, पण त्याला वाटलं ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइल. आठवड्यात आतले सील फुगले आणि मूठ अडकून बसली. दोन्ही ब्रेक मी माझ्या खिशातून भरून दिले. तेव्हापासून दोन बाटल्या दोन वेगळ्या कपाटांत आहेत.

हायड्रॉलिक आत्ता नको असेल तर आहेत तेच नीट करून घ्या. वायरच्या डिस्क ब्रेकमध्ये बहुतेक वेळा एकच पॅड हलतं, दुसरं स्थिर असतं. हलणारं पॅड डिस्कला किंचित वाकवून स्थिर पॅडवर दाबतं. पॅड झिजत गेले की वायर आवळून भागत नाही, स्थिर पॅडही अ‍ॅलन कीने पुढे आणावं लागतं. हे न केल्यामुळे ‘डिस्क ब्रेक लागतच नाही’ अशी तक्रार घेऊन येणारे कितीतरी. स्थिर पॅड डिस्कपासून पोस्टकार्डाच्या जाडीएवढं लांब ठेवा, वायर नवी घाला, तेलकट पॅड फेकून द्या. नवे पॅड घातल्यावर रिकाम्या रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन ब्रेक दाबायचा, चाक लॉक होऊ न देता. पॅडची पूड डिस्कवर बसली की मगच पकड येते.

माउंटन बायकिंगची सुरुवात ब्रेकच्याच त्रासातून झाली म्हणा ना. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत १९७० च्या दशकात काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरायची. मागे पाय उलटा मारून लागणारा हबमधला ब्रेक. उतार संपेपर्यंत हब इतका तापायचा की ग्रीसचा धूर व्हायचा आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच रिपॅक पडलं आणि तिथे १९७६ पासून शर्यती झाल्या. खारघरची टेकडी उतरताना तुमच्या डिस्कमधून वास आला तर हे आठवा आणि ब्रेक घासत राहू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

आता टायर. इथे हात आखडू नका. सायकल जमिनीला तळहाताएवढ्या दोन जागीच टेकते, आणि कंपनीने पैसे वाचवलेले असतात ते नेमके तिथे. अठरा हजारांच्या सायकलीचे टायर दिसायला दणकट, मोठाल्या गुठळ्यांचे असतात, रबर मात्र कडक. डांबरावर ते घोंघावतात आणि ओल्या रस्त्यावर घसरतात. तुमची नव्वद टक्के सायकल डांबरावर चालते हे तुमच्याच वर्णनातून दिसतंय. तेव्हा २७.५ बाय २.१ च्या आसपास, मधे सलग आणि कडेला छोट्या गुठळ्या असलेला टायर घ्या. श्वाल्बेचा स्मार्ट सॅम त्या जातीचा आहे. मॅक्सिसचा आयकॉन थोडा अधिक मातीकडे झुकलेला, पण रस्त्यावरही हलका पळतो. टायर बदलून आलेला माणूस हमखास विचारतो, गिअरला काही केलंत का? काही केलेलं नसतं.

हवेचा दाब हा फुकटातला अपग्रेड. टायरवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. सत्तर किलोच्या माणसाला ट्यूब असलेल्या २.१ च्या टायरमध्ये रस्त्यावर ४० ते ४५ पीएसआय पुरतात, मातीत ३० च्या आसपास. मागे पुढच्यापेक्षा दोन-तीन जास्त. पेट्रोल पंपावर साठ भरून लोक येतात आणि म्हणतात सस्पेन्शन काम करत नाही. दाबमापक असलेला उभा पंप घरी घ्या, हजार-दीड हजारांत येतो.

पंक्चर बघायची सवय लावा. दोन छिद्रं जवळजवळ, सापाने चावल्यासारखी, तर हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. एकच बारीक छिद्र, तर टायरच्या आतून बोट फिरवा, जपून. पाम बीचवर आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या केसाएवढ्या तारा पडलेल्या असतात. तार न काढता नवी ट्यूब घातली की शंभर मीटरवर पुन्हा तेच. ट्यूबलेसचं मात्र या रिमवर डोक्यातून काढा. त्यासाठी न बनवलेल्या रिमला टेप लावून केलेले प्रयोग सीवूड्सच्या सिग्नलला संपताना मी पाहिलेत.

सर्व्हिसिंगचं थोडं सांगतो, कारण तुमचे पहिले तीन हजार तिथे जायला हवेत. सगळी सायकल उघडून घ्या: दोन्ही हब, हेडसेट (गळ्यातले छरे), बॉटम ब्रॅकेट. छरे नवे, ग्रीस नवं. सीटची दांडी बाहेर काढून ग्रीस लावून परत घाला, दर तीन महिन्यांनी. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये घाम आणि पावसाचं पाणी मुरलं की दांडी अशी धरते की शेवटी करवतीने कापावी लागते, हे मी केलेलं आहे. चेन मोजा. स्टीलची फूटपट्टी घ्या, एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. बारा इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य बरोबर यायला हवा. तो एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदला, एक अष्टमांश गेला असेल तर मागचे दातेही गेले. आठशे-हजाराची चेन वेळेवर बदलली की फ्रीव्हील वाचतो.

पावसाळ्यात चेनला ओल्या हवामानाचं जाड तेल, बाकीच्या दिवसांत पातळ. डब्ल्यूडी-४० हे चेनचं तेल नव्हे, पाणी हाकलायला ठीक. आणि मोटरसायकल धुतात त्या प्रेशरच्या फवाऱ्याखाली सायकल धरू नका. ते पाणी सील ओलांडून थेट छऱ्यांत जातं. बादली, ब्रश, साबण, झालं.

सीट, पेडल, हँडल याबद्दल थोडक्यात. टाच पेडलवर ठेवून पाय सरळ होईल इतकी सीट उंच करा, बहुतेकांची दोन इंच खाली असते आणि गुडघे कुरकुरतात. प्लॅस्टिकच्या पेडलऐवजी खिळ्यांचे रुंद फ्लॅट पेडल घ्या. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात एवढं ध्यानात ठेवा, दर महिन्याला कोणीतरी क्रँकचे आटे खाऊन येतो.

तुम्ही माती विचारली नाहीत, पण माउंटन बाइक घेतलीय म्हणजे मनात असणार. ठाण्यात येऊरला या, चढ छान आहे, सकाळी गर्दी कमी. पण डांबरी रस्ता सोडून रानातल्या पायवाटांत शिरू नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे बिबट्या राहतो आणि वनखात्याच्या फाटकाचे नियम आहेत. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्याकडे बंदी असते, तेव्हा तिथेही हट्ट नको.

राहिली मित्राची सायकल. तीस हजारांत एअर फोर्क, निमुळता गळा, हायड्रॉलिक ब्रेक आणि कॅसेटवाला हब एकत्र मिळत असेल तर वीस हजार तुमच्या सायकलीत घालण्यापेक्षा तो सौदा चांगला. तुमच्याकडचे बारा-तेरा हजार उरतातच, वरचे जमवा. फक्त एक लक्षात घ्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. मित्र जुन्या बिलाच्या आकड्यावरून किंमत सांगत असेल तर आज दुकानात ती सायकल नवी कितीला मिळते ते आधी बघा.

बघायला जाताना दिवसाउजेडी जा, ओलं फडकं न्या. गळ्याच्या खालच्या बाजूला, जिथे नळ्या मिळतात तिथे, आणि बॉटम ब्रॅकेटभोवती पुसून बघा. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर तिथेच नमस्कार करून निघा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, गळ्यात खटखट झाली तर हेडसेट सैल किंवा गेलेला. क्रँक आडवे हलवून बघा. फोर्कमध्ये हवा भरून रात्रभर ठेवायला सांगा, सकाळी बसला तर सील गेलेत, सर्व्हिसिंगचे पैसे किमतीतून कापा. फूटपट्टी तुमच्याकडे आहेच, चेन मोजा, तिचेही कापा. आणि सर्वात आधी उभे राहून माप बघा. मित्र सहा फुटी आणि तुम्ही साडेपाच असाल तर बाकी काही बघायचं कारणच नाही.

ती घेतलीत तरी जुनी विकू नका, फार तर सहा-सात हजार येतील. हे सर्व्हिसिंग आणि टायर तिलाच करा, पुढे-मागे मडगार्ड लावा, मागे कॅरिअर. जूनपासून ऐरोलीला ती नेत जा आणि नव्या सायकलच्या छऱ्यांना पावसाचं पाणी लागू देऊ नका.